मुकं बिस्किट

सोमवार, ४ नोव्हेंबर

धाकटे,

धप्प.

हा आवाज आठवतो का तुला? तुझी आई ओव्हनमधून ट्रे काढायची आणि वीतभर उंचीवरून ओट्यावर सोडायची. धप्प. फुगलेली बिस्किटं त्या दणक्यानं खाली बसायची, त्यांच्या पाठीला भेगा पडायच्या आणि भेगांतून आतलं चॉकलेट चकाकायचं. आज जेवून जरा लवंडलो होतो, तर अगदी तोच आवाज आला. उठून स्वयंपाकघरात गेलो. कुणी नव्हतं. वरच्यांची खुर्ची पडली असेल. तरी मी बराच वेळ ओट्यापाशी उभा होतो, एखाद्या ओळीची पुढची ओळ आठवत नसली की माणूस जसा उभा राहतो तसा.

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. नऊ वर्षांनी पहिल्याच ओळीत तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा, एवढा माझा हक्क उरलेला नाही. पत्ता दादानं दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याचा फार पिच्छा पुरवला.

आईची वही सापडली. मिठाच्या बरणीमागे होती. तिच्या वहीत प्रमाण कमी आणि शेरेच जास्त. 'लोणी बोट रुतेल इतपत मऊ, यांच्या स्वभावासारखं पातळ नको.' चार वर्षं झाली तिला जाऊन, पण टोमणा कसा ताजा आहे बघ.

तर मी बिस्किटं करायला लागलोय. हस खुशाल. तीच, काळी, आत चॉकलेट भरलेली. पहिल्या खेपेला सारण सगळं बाहेर आलं, ट्रेवर डांबर ओतल्यासारखं. शेजारच्या शिंपीणबाईंना एक दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, 'आजोबा, हे खायचं आहे की याला बटणाची भोकं पाडून देऊ?'

१५ डिसेंबरला रविवार आहे. आईचा वाढदिवस. त्या दिवशी दुपारी चारला मी ट्रे काढीन. तू यावंस असं वाटतं. तासभर. चहा घे, एक बिस्किट खा, जा. मला तुला एक वाक्य सांगायचंय आणि ते समोरासमोर सांगायचंय.

फोन करणार होतो, पण कानाचा त्रास आहे हल्ली. घरात तीन कोबी आहेत. का, ते विचारू नकोस.

बाबा

शनिवार, ९ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. पाच दिवसांत यावं अशी अपेक्षाही नव्हती. पण पोस्टमन दिसला की मी उगाच चपला शोधायला लागतो.

सारणाचं मर्म कळलं. आईच्या वहीत कोपऱ्यात होतं: 'गोळ्या गोठवल्याशिवाय हात लावू नये.' चॉकलेट आणि साय एकत्र वितळवायची, लिंबाएवढ्या गोळ्या करायच्या आणि फ्रीझरमध्ये दगड होईपर्यंत ठेवायच्या. मगच त्या कोकोच्या पिठात गुंडाळायच्या. बाहेरचं भाजून होईस्तोवर आतलं नुसतं विरघळतं, फुटत नाही. आणि मी ऊनऊन सारण भरत होतो. घाई. माझी सगळीच कामं तशी.

काल बारा केली. दहा शाबूत निघाली. एकात सारण भरलं नव्हतं.

तुला आठवतच असेल. प्रत्येक खेपेत एक रिकामं. 'मुकं बिस्किट.' नाव मी ठेवलं होतं, तुझ्या जन्माच्याही आधी, दादा लहान असताना. ज्याच्या वाट्याला मुकं येईल त्यानं स्टुलावर उभं राहून कविता म्हणायची. आई बाकीची भरायची, मुकं वळायचं काम माझ्याकडे.

माझी हौस तुला ठाऊक आहे. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि कचेरीची भिंत चौथीच्या वर्गाला लागून. दाखले लिहिता लिहिता भिंतीपलीकडून चाळीस पोरांच्या तोंडची कविता यायची, पावसाची, पाखरांची, आईची. शिकवायला कधी मिळालं नाही. मास्तर होण्याइतकं शिक्षण नव्हतं. मग घरी वर्ग भरवला, दोन पोरांचा आणि एका बायकोचा.

आणि तुझं नशीब बघ, मुकं नेमकं तुझ्याकडेच यायचं! दादा चिडायचा. तू सहा वर्षांची असशील. एरवी 'पाणी' म्हणताना पहिल्या अक्षरावर तुझा जीव अडकायचा, ओठ पांढरे व्हायचे. पण स्टुलावर चढलीस आणि चालीवर कविता धरलीस की शेवटपर्यंत एकही खडा नाही. डोळे मिटून म्हणायचीस. मी आईला म्हणायचो, 'बघ, बघ, हिला काही झालेलं नाही.'

सुखाचे दिवस होते ते. असं मला वाटतं.

बाबा

रविवार, १७ नोव्हेंबर

धाकटे,

कानाचं खोटं होतं.

ऑगस्टमध्ये मला अर्धांगाचा हलका झटका आला. दादानं तुला कळवलं नसावं, मीच नको म्हटलं होतं. हातपाय आठवड्यात ताळ्यावर आले. बोलणं आलं नाही. म्हणजे शब्द सगळे आहेत, डोक्यात रांगेत उभे आहेत, पण दाराशी येऊन अडतात. प, म, क ही अक्षरं तर वैरी झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, सुधारेल. आणि म्हणाले, दुसरा झटका आला तर आहे तेवढंही जाईल. कधी, ते सांगता येत नाही. म्हणून डिसेंबरची घाई.

आता कोबीचं सांगतो. मला कोको हवा होता. दुकानात गेलो आणि 'क'वर अडकलो. दुकानदार भला माणूस, लगेच मदतीला धावला.

'कोबी?'

मी मान हलवली.

'कांदे? कात्री? कापूस?'

मागं चारजण उभे. एक बाई म्हणाल्या, 'अहो, कंगवा म्हणत असतील.' माझ्या टकलाकडे बघून सगळे हसले. वाईट मनानं नाही, मीही त्यांच्या जागी हसलो असतो. मी कोबीकडे बोट दाखवलं, पिशवीत घेतला आणि घरी आलो. असं तीनदा. चिठ्ठी लिहून न्यायची लाज वाटत होती. शेवटी शिंपीणबाईंनी कोको आणून दिला. त्या माझा प्रत्येक शब्द मला पुरवतात. मी 'च' म्हटलं की त्यांचं 'चहा? चष्मा? चादर?' सुरू. काल मी संतापून ओट्यावर मूठ आपटली. बिचाऱ्या म्हणाल्या, 'अहो, मी तुम्हाला सोपं करून देतेय!'

हे वाक्य मी ऐकलंय. माझ्याच तोंडून.

मंगळवारी वाचा-उपचाराच्या बाई येतात. तुझ्याहून लहान असतील. त्यांनी विचारलं, 'काका, गाणं, कविता असं काही पाठ आहे?' मी चौथीतली एक कविता चालीवर धरली. धाकटे, एकदाही अडलो नाही. आठ कडवी सरळ. आनंदानं रडायलाच आलं. मग त्यांनी विचारलं, 'छान. आता सांगा, सकाळी काय खाल्लंत?'

'प'वर अडकलो आणि तिथंच राहिलो. पाव म्हणायचं होतं.

बाई म्हणाल्या, 'असंच असतं. चाल वेगळ्या वाटेनं येते, बोलणं वेगळ्या. कविता म्हणता आली म्हणजे बोलता आलं, असं धरू नका.'

एकतीस वर्षं भिंतीला कान लावून बसलो आणि ही एवढी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. किंवा मी ऐकली नाही.

एक वाक्य रोज आरशासमोर घोकतोय. 'माझं चुकलं.' 'म' फार जड जातो. १५ तारखेपर्यंत येईल.

बाबा

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

धाकटे,

बारा दिवस लिहिलं नाही. रोज बसायचो आणि ओव्हनची आठवण झाल्याचं निमित्त करून उठायचो. आतापर्यंत साठेक बिस्किटं झाली असतील. शिंपीणबाईंची गिऱ्हाइकं कपडे न्यायला येतात आणि एकेक खाऊन जातात. 'मापं बदलायला लागतील आता सगळ्यांची,' म्हणतात त्या.

९ तारखेच्या पत्रात मी 'नशीब' असं लिहिलं. ते नशीब नव्हतं.

मुक्या बिस्किटाच्या बुडाला मी अंगठ्याच्या नखानं खूण करायचो. चंद्रकोरीसारखी. भाजल्यावरही ती राहते. ताटलीत लावताना ते बिस्किट मी बरोबर तुझ्यासमोर ठेवायचो. तू नेहमी सगळ्यांत जवळचं उचलायचीस. मला वाटायचं, किती समजूतदार पोर. आता, दुकानात कोबीकडे बोट दाखवल्यावर कळलं की लांबचं हवं असेल तर 'ते द्या' म्हणावं लागतं. तू जवळचं घ्यायचीस, कारण मग बोलावं लागत नाही. आणि तेवढ्याच जागेत मी सापळा लावायचो. तुझ्या भल्यासाठी, असं मनाशी म्हणत.

आई नोकरीतून निवृत्त झाली त्या दिवशी घरी वीस माणसं जेवायला होती, तेव्हाही ती खूण मीच केली होती. तू चोवीस वर्षांची होतीस. पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत लागून तीन महिने झाले होते आणि तिथल्या दोघी मैत्रिणींना तू पहिल्यांदा घरी आणलं होतंस. त्यांच्याशी तू जपून, लहान लहान वाक्यांत बोलत होतीस. अडणारा शब्द आला की त्याला वळसा घालून दुसरा घ्यायचीस. मी ते पाहिलं होतं, धाकटे. तू किती मेहनतीनं झाकलं होतंस ते मला दिसत होतं.

आणि तरी मी ताटली फिरवली.

तू बिस्किट मोडलंस. आत काही नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस. दादा ओरडला, 'मुकं! मुकं!' तू हळूच चाल धरलीस, पहिलेच दोन शब्द. तेव्हा मी म्हणालो, 'चालीवर काय, लहान आहेस का आता? सरळ म्हण.' मला त्या वीस माणसांना दाखवायचं होतं की माझी मुलगी बरी झाली, मी बरी केली.

तू पहिल्या शब्दावर अडलीस. मी तो शब्द पुरवला. दुसऱ्यावर अडलीस, तोही पुरवला. मग मी सगळं कडवंच म्हणून टाकलं, मोठ्यानं, हातवारे करून, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला, धाकटे. दादा म्हणाला, 'बाबांचाच नंबर लागला की!' सगळे हसले. तुझ्या त्या मैत्रिणी हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या.

तू आत गेलीस, तुझी ताटली धुतलीस, पालथी घातलीस आणि मागच्या दारानं निघून गेलीस. त्यानंतर आई गेली त्या दिवशीच पाहिलं तुला. लांबून.

मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलो, की एवढ्याशा थट्टेवरून पोरगी रुसली.

बाबा

मंगळवार, १० डिसेंबर

धाकटे,

आईच्या वहीची शेवटची पानं चिकटलेली होती. आज वाफेवर धरून सोडवली. बिस्किटांच्याच पानामागे तिनं लिहिलंय, तारीख तुझ्या पाचवीतली:

'ट्रेचा आवाज आला की धाकटी न्हाणीघरात जाऊन कडी लावते. यांना दोनदा सांगितलं. हसण्यावारी नेलं. आता भेगा नाही पडल्या तरी चालतील, ट्रे हळू ठेवत जाईन.'

'मला कुणी सांगितलं नाही' असं मी १७ तारखेच्या पत्रात लिहिलं ना? सांगितलं होतं. दोनदा. एकदा ती पिठाच्या हातांनी दारात उभी राहून म्हणाली होती, 'अहो, ती घाबरते.' मी म्हणालो होतो, 'कवितेला कोण घाबरतं?'

पहिल्या पत्राची सुरुवात मी त्या आवाजानं केली. तुला आठवतो का, म्हणून विचारलं. लिफाफा उघडून तो शब्द वाचताना तुझं काय झालं असेल, याचा विचार आज सकाळपासून करतोय.

रविवारी ये किंवा येऊ नकोस. मी चारला सगळी भरलेलीच करीन. रिकामं एकही नसेल.

बाबा

रविवार, १५ डिसेंबर

धाकटे,

पावणेचार झालेत. चोवीस बिस्किटं ओव्हनमध्ये आहेत. घर पुसलं. तुझ्या खुर्चीवर शिंपीणबाईंनी नवी उशी शिवून ठेवलीय, म्हणाल्या, 'पोरगी लांबून येणार, तिला टोचायला नको.' त्यांना मी सांगितलं नाही की तुझा होकार आलेला नाही.

वाक्य जमतंय. सकाळी पाचापैकी तीनदा आलं. वाट बघताना हात रिकामे राहू नयेत म्हणून लिहितोय, पाठवायचं म्हणून नाही.

चार वाजून पाच मिनिटं. ट्रे बाहेर काढला. घंटा वाजली. उघडून येतो.

*

दारात एक माणूस होता. चाळिशीचा, खाकी सदरा, छातीवर बिल्ला. मला वाटलं, पत्ता चुकला असेल.

'मी तुमच्या धाकटीचा नवरा,' ते म्हणाले.

तुझं लग्न झालंय. पाच वर्षं झाली म्हणे. दादाला माहीत होतं. ठीक आहे, मला कशाला कुणी सांगेल.

मी बाजूला झालो, आत या म्हणून हात केला. ते आले नाहीत. 'तिच्या आधी मी या घरात यायचं नाही, असं मी ठरवलंय,' ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला त्यांनी कसलीच हाक मारली नाही, ना बाबा, ना काका. लांब पल्ल्याची बस चालवतात आणि आज फेरी इकडे होती, हे त्यांनी सांगितलं. परतीची बस पाचला.

मग म्हणाले, 'पत्रं ती वाचते. सगळी. तीन-तीनदा वाचते. आणि मग घरात तिचा आवाज नसतो. शब्दच फुटत नाही. त्या निवृत्तीच्या दिवसाचं पत्र आलं, त्यानंतर प्रयोगशाळेत ती चार दिवस चिठ्ठ्या लिहून बोलली. पाच वर्षं लागली आम्हाला इथवर यायला. तुम्ही खरं लिहिता, हे तिलाही कळतं. पण प्रत्येक पत्रात ती परत त्या स्टुलावर उभी राहते.' पुढे म्हणाले, 'पत्रं थांबवा. एवढंच मागायला आलोय. तिनं पाठवलं नाही मला. जातो म्हणालो, तेव्हा अडवलंही नाही.'

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला 'हो' म्हणायचं होतं. एवढासा शब्द, त्याचीही तालीम करावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. नुसता श्वास बाहेर येत राहिला. शेजारचं दार किलकिलं झालं, शिंपीणबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि त्या म्हणाल्या, 'काय हवंय आजोबा, पाणी? पैसे?' त्या माणसानं हात वर केला, त्यांच्याकडे न बघता. बाई आत गेल्या.

ते थांबले, धाकटे. माझ्या ओठांकडे पाहिलं नाही त्यांनी, डोळ्यांकडे पाहिलं. मान हलवून घाई केली नाही. घड्याळ पाहिलं नाही. शब्द त्यांना केव्हाच कळला होता, पण तो माझा होता, आणि त्यांनी तो माझ्याकडेच राहू दिला. कुणीतरी गेटातून आत येऊन, जिना चढून, वर जाऊन दार लावलं, तरी ते तसेच उभे होते. हे त्यांना तुझ्याकडूनच आलं असणार.

'हो,' मी म्हणालो.

'बरं,' ते म्हणाले. 'शेवटचं काही द्यायचं असेल तर लिहून द्या. वाचायचं की नाही ते ती ठरवील. मी आहे बाहेर.'

बिस्किटं न्यायला सांगणार होतो. नाही सांगितलं.

म्हणून हे पूर्ण करून त्यांच्या हाती देतोय. माझं चुकलं. समोरासमोर म्हणायचं राहिलं, आता राहणारच. उत्तर देऊ नकोस. मी पुन्हा लिहिणार नाही.

दार उघडंच आहे. ते पायरीवर बसलेत, माझ्याकडे पाठ करून, मला सावकाश लिहिता यावं म्हणून. पाचला दहा कमी आहेत आणि त्यांनी अजून एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही.

बाबा